शिट्टीनंतरचं पहिलं मिनिट: लहान मुलांचं मैदानावरचं लक्ष

प्रश्न: पहिली-दुसरीचे शारीरिक शिक्षणाचे तास यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आले आहेत. २८ मुलं आणि ३५ मिनिटं. मी खेळ समजावत असते तेव्हा निम्मी मुलं माती उकरत असतात, दोघं एकमेकांना ढकलतात, एक मुलगा कायम आकाशाकडे बघतो. खेळ सुरू झाला की अनेकांना काय करायचं तेच कळलेलं नसतं. शिट्टीचाही उपयोग होत नाही. आधी मी मोठ्या मुलांना शिकवायचे, तिथे असं होत नव्हतं. लहान मुलांचं लक्ष वाढवणारे काही व्यायाम आहेत का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो. रोज पाच मिनिटं करून घेतला आणि मुलांचं लक्ष सगळीकडेच वाढलं, असा व्यायाम मला बावीस वर्षांत भेटलेला नाही. काही खेळ उपयोगी पडतात, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण तुमच्या पत्रात मला दुसरीच गोष्ट दिसली. माती उकरणं, ढकलाढकली, आकाशाकडे बघणं हे सगळं तुम्ही बोलत असताना किंवा मुलं थांबलेली असताना होतंय. खेळ रंगात आलेला असताना मुलं कंटाळली, असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. त्यामुळे माझा संशय मुलांपेक्षा तासाच्या आखणीवर जास्त आहे.

मोठ्या मुलांबद्दल एक सांगून टाकतो. त्यांचंही लक्ष उडतंच. फक्त नजर समोर ठेवून मनाने भलतीकडे जायची कला त्यांना तोवर साधलेली असते. सहा वर्षांच्या मुलाला ती येत नाही, म्हणून त्याचा कंटाळा तुम्हाला लगेच दिसतो. एका अर्थी हा तुमचा फायदाच आहे.

पुढच्या तासाला सहकाऱ्यांपैकी कुणाला तरी कडेला बसवा. वर्गातलं एकच मूल निवडायचं, फार चपळ नको आणि फार मागे राहणारंही नको. ते दर दहा सेकंदांनी काय करतंय याची खूण कागदावर करायला सांगा: हालचाल करतंय, ऐकतंय, वाट बघतंय की साहित्य घेण्यात-ठेवण्यात आहे. अमेरिकेत डॅरिल सिडेंटॉप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा नोंदींची पद्धतच बसवली. शिक्षकाने किती शिकवलं याचा हिशेब तीत नसतो. एका मुलाला, त्याला जमेल अशा पातळीचं काम प्रत्यक्ष करायला किती वेळ मिळाला, एवढंच मोजायचं. माझ्या तासाची अशी नोंद पहिल्यांदा झाली तेव्हा मी बऱ्यापैकी अनुभवी समजला जात होतो. तीस मिनिटांच्या तासात त्या मुलीच्या वाट्याला हालचालीची सात मिनिटंही आली नव्हती. ‘आजचा तास जरा वेगळा होता,’ असं मी म्हणालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा नोंद केली, तर तोही तास तसाच ‘वेगळा’ निघाला.

वेळ जातो कुठे, याचं गणित सोपं आहे. २८ मुलांच्या दोन रांगा करा, प्रत्येक रांगेला एक चेंडू. मुलाने चेंडू घेऊन शंकूला वळसा घालून परत यायचं, त्याला लागतात १५ सेकंद. एका रांगेत १४ जण, म्हणजे पुन्हा पाळी यायला साडेतीन मिनिटं. हा खेळ १४ मिनिटं चालला तर प्रत्येकाच्या चार पाळ्या होतात. एक मिनिट धावणं आणि तेरा मिनिटं समोरच्याच्या मानेकडे बघणं. या तेरा मिनिटांत मूल स्वतःसाठी काम शोधतं. माती उकरणं हे कामच आहे, आणि आपण दिलेल्या कामापेक्षा कितीतरी गुंतवणारं.

आता त्याच मुलांच्या चार-चारच्या सात रांगा करा. त्याच १४ मिनिटांत प्रत्येकाच्या १४ पाळ्या होतात. जोड्या केल्या तर २८. रांगेत तीनपेक्षा जास्त मुलं उभी दिसली की माझ्या कपाळावर आठी पडते. बहुतेक वेळा रांगेची गरजच नसते. ‘एवढे चेंडू कुठून आणू?’ हा प्रश्न मलाही विचारला जातो. या वयात फेकणं-झेलणं शिकायला खरा चेंडू लागत नाही. गुंडाळलेला मोजा, कागदाचा बोळा दोऱ्याने बांधून, कापडात धान्याचे दाणे शिवून केलेली छोटी पिशवी, काहीही चालतं. ही पिशवी तर चेंडूपेक्षा बरी, कारण सुटली तर घरंगळत जात नाही आणि तिच्यामागे पळण्यात वेळ जात नाही.

रिले शर्यतींबद्दल आणि ‘बाद’ होण्याच्या खेळांबद्दल माझं मत जरा कडक आहे. नील विल्यम्स या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९२ मध्ये शारीरिक शिक्षणातल्या खेळांची एक ‘नामुष्कीची यादी’ छापली होती. संगीत खुर्ची, चेंडू मारून बाद करायचा खेळ आणि रिले शर्यती हे सगळे तीत होते. यादीवर तेव्हापासून वाद चालू आहे. काही खेळांवर तिने अन्याय केला असंही मला वाटतं. पण तिच्या मुळाशी असलेला मुद्दा पक्का आहे: बाद करण्याच्या खेळात सगळ्यांत आधी बाहेर बसतं ते मूल, ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज असते. ते बाहेर बसल्यावर त्याने लक्ष कशाकडे द्यायचं? त्यावर एक साधा उतारा आहे. बाद झालं की कडेच्या रिंगणात दहा उड्या मारायच्या आणि परत खेळात यायचं. खेळ तोच राहतो, कोणी बसत नाही.

आता बोलण्याकडे येतो. तुमचं खरं दुखणं तिथेच असावं.

मोठ्या मुलांना आपण खेळ आधी पूर्ण समजावतो आणि मग सुरू करतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी एक, फार तर दोन सूचना डोक्यात धरता येतात. तिसरी आली की पहिली गळते. म्हणून खेळ तुकड्यांनी चढवत न्यायचा. शिवाशिवीचं उदाहरण घ्या. पहिली सूचना एवढीच: ‘दोघांच्या हाताला पट्टी आहे, ते शिवायला येणार. शिवलं की पुतळा.’ सुरू. मिनिटभराने थांबवा: ‘आता पुतळ्याच्या तळहाताला कोणी हात लावला की तो सुटला.’ पुन्हा सुरू. मग आणखी एकदा थांबवून पट्टीवाले बदला, सीमारेषा लहान करा. तिन्ही मिळून तुम्ही मिनिटभर बोललात, पण तेही तुकड्यातुकड्यांत, आणि प्रत्येक वेळी मुलं दमून, श्वास घेत ऐकत होती. दमलेलं मूल काही सेकंद छान ऐकतं. हा फायदा उचला.

जे दाखवता येतं ते सांगू नका. मी पहिलं प्रात्यक्षिक तोंड बंद ठेवून करतो. माझा आवाज थांबला की मुलांच्या नजरा उलट माझ्याकडे वळतात, ही गंमत मला फार उशिरा कळली. बोलत-बोलत दाखवलं तर मुलाला ऐकायचं आणि बघायचं अशी दोन कामं होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. ‘कळलं का?’ हा प्रश्न तर कायमचा सोडून द्या. त्याला २८ मुलांचा ‘हो’ येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एकाला म्हणा, ‘दाखव बघू, तुला शिवलं तर तू काय करशील?’ तो चुकला तर सगळ्यांचीच शंका फिटते.

उभं कुठे राहायचं, हे कोणी शिकवत नाही. ऊन तुमच्या डोळ्यांवर असावं, मुलांच्या पाठीवर. मुलांची पाठ रस्त्याकडे, दुसऱ्या वर्गाच्या खेळाकडे किंवा फाटकाकडे असावी. कोणीही तुमच्या मागे नसावं. आणि मुलं जवळ असावीत, तीन-चार पावलांवर. गोंगाटातून शब्द वेगळे काढून ऐकण्याची मुलांची क्षमता मोठ्यांपेक्षा बरीच कमी असते आणि ती किशोरवयापर्यंत हळूहळू वाढत राहते. आवाज घुमणाऱ्या सभागृहात तुम्हाला स्वतःचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, म्हणून मागच्या मुलालाही येत असेल असं समजू नका. त्याने लक्ष दिलं नाही असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत अर्धंच वाक्य पोचलेलं असतं.

हातात चेंडू देऊन सूचना देणं ही नव्या शिक्षकांची हमखास चूक. हातात चेंडू आला की तो आपटला जाणारच. सूचना आधी, चेंडू नंतर. देऊन झालाच असेल तर तो दोन पावलांमध्ये धरून ठेवायला सांगा.

आता आपल्या भाषेची एक गोम. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पळू नका’ म्हणताना ‘नका’ येईपर्यंत ‘पळू’ पोचलेलं असतं आणि दोघं-तिघं सुटलेले असतात. हा विनोद नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन, दिवा लागला की तो दाबायचा किंवा दाबायचा नाही, असे प्रयोग केले होते. तीनेक वर्षांची मुलं स्वतःच ‘दाबू नको’ असं मोठ्याने म्हणत, आणि म्हणता म्हणता दाबत. शब्दातला नकार त्यांना आवरत नव्हता, उच्चारण्याची क्रियाच हाताला चालना देत होती. सहाव्या वर्षापर्यंत ही अडचण बरीच कमी होते, पण खेळाच्या उत्साहात ती पुन्हा डोकं वर काढते. म्हणून ‘पळू नका’ऐवजी ‘चालत या’, ‘ढकलू नका’ऐवजी ‘हात पाठीमागे’, ‘गोंगाट नको’ऐवजी ‘ओठ बंद’. काय करायचं तेच सांगायचं.

मराठीत क्रियापदही शेवटी येतं, आणि ते मात्र आपल्या पथ्यावर पडतं. ‘लाल शंकूला हात लावून आपल्या जागी धावत या’ या वाक्यात कुठे आणि कसं हे आधी येतं, धावणं शेवटी. ‘धावा! अरे, लाल शंकूपर्यंत! लाल!’ अशी उलटी वाक्यं घाईत आपल्या तोंडून निघतात आणि मुलं पिवळ्या शंकूवर पोचतात. दोष कुणाचा, तुम्हीच ठरवा.

शिट्टीबद्दल. शिट्टी निकामी झालेली नाही, ती स्वस्त झाली आहे. सुरू करायला शिट्टी, थांबवायला शिट्टी, रागवायला शिट्टी, गोळा करायला शिट्टी. मग मुलाला तिचा अर्थ लागणार कसा? माझ्याकडे शिट्टीला एकच अर्थ आहे: ताबडतोब थांबा, काहीतरी धोका आहे. ती महिन्यातून एक-दोनदा वाजते आणि वाजते तेव्हा मैदान गोठतं. रोजच्या थांबण्यासाठी एक टाळी किंवा हात वर.

थांबणं हे शिकवावं लागतं, झेलण्याइतकंच. वर्षाच्या पहिल्या दोन-तीन तासांत मी जवळजवळ दुसरं काही शिकवत नाही. मुलं मैदानभर चालतात, टाळी वाजली की गुडघे किंचित वाकवून, हात गुडघ्यांवर ठेवून थिजतात. मग धावताना, मग उड्या मारताना, मग चेंडू टप्पे मारत नेताना, तेव्हा थांबणं म्हणजे चेंडू पोटाशी. थांबायची एक ठरलेली मुद्रा दिली की मुलाला ‘थांब’ ही पोकळ सूचना राहत नाही, तेही एक काम होतं. सगळे किती सेकंदांत थांबले हे मी मोजतो आणि आकडा सांगतो. आठ. सहा. चार. बक्षीस वगैरे काही लागत नाही, आकडा कमी झाल्याचा आनंद त्यांना पुरतो. सगळे थांबल्यावर पाच सेकंदांच्या आत बोलायला सुरुवात करा आणि वीस सेकंदांत संपवा. मुलांनी शब्द पाळला आणि तुम्ही तीन मिनिटं भाषण ठोकलंत, तर पुढच्या वेळी ती का थांबतील?

तुम्ही मागितलेले व्यायाम इथे बसतात. मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजण्यासाठी एक चाचणी बसवली आहे. ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा, बोटं म्हटलं की डोक्याला. पुढे गुडघे आणि खांदे येतात. ऐकायचं, नियम आठवायचा आणि मनात आलेली पहिली हालचाल दाबायची, ही तिन्ही कामं तीत एकत्र येतात. खेळ म्हणून ती सुंदर आहे, मीही खेळवतो. हिरवं म्हटलं की थांबायचं आणि लाल म्हटलं की धावायचं, हाही त्याच घराण्यातला. पण अपेक्षा माफक ठेवा. असे खेळ खेळून मुलं आधी त्या खेळात पटाईत होतात. तेवढ्याने ती वाचनाच्या तासाला शांत बसतील असं मी कोणाला आश्वासन देत नाही.

यापेक्षा मला जास्त उपयोग झाला तो सोंगांचा. सोव्हिएत रशियात झ. मनुइलेंको यांचा १९४८ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लहान मुलांना नुसतं ‘न हलता उभे राहा’ सांगितलं, आणि नंतर खेळात पहारेकऱ्याची भूमिका देऊन तेवढंच करायला सांगितलं. पहारेकरी झालेली मुलं बराच जास्त वेळ स्थिर राहिली. हा फरक साधारण चार ते सहा वर्षांच्या मुलांत ठळक होता. अगदी लहानांना भूमिका सांभाळता येत नाही आणि सात वर्षांच्या आसपास मुलं भूमिकेशिवायही उभी राहू शकतात. तुमची मुलं नेमकी या उंबरठ्यावर आहेत. ‘तोल सांभाळून रेषेवर चाला’ म्हटलं तर ती चौथ्या पावलाला उतरतात. ‘खाली नदी आहे, पुलावरून मांजरासारखं जायचं, आवाज झाला तर मगर जागी होईल’ म्हटलं की तीच मुलं जीभ बाहेर काढून टोकापर्यंत जातात. एक पथ्य मात्र पाळा: गोष्ट एका वाक्याची हवी. मगरीचं नाव काय, ती काय खाते यावर चर्चा सुरू झाली की तास तिचा होतो.

कौशल्य शिकवताना लक्ष कुठे न्यायचं, हा वेगळा विषय आहे आणि मला तो फार आवडतो. ‘चेंडूकडे बघ’ हे वाक्य आपण दिवसातून शंभरदा म्हणतो. मूल चेंडूकडे बघतच असतं, आणि तो जवळ आला की डोळे मिटतं, तोंड वळवतं. कारण चेंडू कडक आहे आणि मागच्या वेळी नाकावर बसला होता. इथे लक्षाचा प्रश्नच नाही, भीतीचा आहे. फुगा द्या, मग हलका मोठा चेंडू. तो सावकाश येतो, मुलाला बघत राहायला वेळ मिळतो. चेंडूवर रंगीत ठिपका काढा आणि विचारा, ‘हातात आला तेव्हा ठिपका वर होता की खाली?’ आता बघण्याला कारण मिळालं.

गॅब्रिएला वुल्फ यांनी आणि इतरांनी १९९८ पासून दाखवून दिलं आहे, की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे नेलं तर हालचाल सहसा चांगली जमते. मुलांवरच्या अभ्यासांत निकाल मोठ्यांइतके एकसारखे येत नाहीत. तरी मैदानावर मला याचा रोज अनुभव येतो. ‘कोपर वर, मनगट वळव, डावा पाय पुढे’ ऐकून मूल लाकडासारखं ताठ होतं. भिंतीवर खडूने मोठा गोल काढून ‘याला आवाज करून दाखव’ म्हटलं की हात आपोआप मागे जातो. पाय चुकत असेल तर जमिनीवर पावलाचं चित्र काढा, म्हणजे बोलावं लागत नाही.

‘वयाच्या दुप्पट-तिप्पट मिनिटं लक्ष टिकतं’ असा एक हिशेब प्रशिक्षणांत सर्रास सांगितला जातो. त्यावर मी तासाचं वेळापत्रक बेतत नाही. लक्ष म्हणजे वयानुसार भरलेली टाकी नव्हे. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० मध्ये त्याचे तीन वेगळे भाग मांडले: जागं-सावध राहणं, एखाद्या गोष्टीकडे वळणं, आणि मोह आवरून ठरवलेल्या गोष्टीवर टिकणं. पहिले दोन भाग तुमच्या मुलांकडे भरपूर आहेत. पक्षी उडाला की २८ माना वळतात, ती वळण्याची यंत्रणा उत्तम चालल्याची खूण. तिसरा भाग चार ते सात या वयात झपाट्याने वाढतो, पण त्यामागचा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पिकायला विशीचा मध्य उजाडतो. तोवर तिसऱ्याचं ओझं कमी करणं आपल्या हातात आहे: वाट कमी, शब्द कमी, समोर बघण्यासारखं काहीतरी. असं असलं की हीच मुलं एका खेळात पंधरा-वीस मिनिटं रमतात. फक्त खेळ न बदलता त्यात छोटी कलाटणी देत राहायचं: आता लंगडी घालत, आता डाव्या हाताने, आता मैदान अर्धं. ती केव्हा द्यायची? मी तीन मुलं मनात धरून ठेवतो. तिघांपैकी दोघं स्वतःचे नियम बनवू लागली की वेळ झाली. चिडायचं काही कारण नाही. बऱ्याचदा त्यांचा नियम माझ्यापेक्षा चांगला असतो आणि मी तो उचलतो.

एक चूक कबूल करतो. सुरुवातीच्या वर्षांत मी अख्ख्या वर्गाला शांत होईपर्यंत उन्हात उभं ठेवायचो. मुलं शांत व्हायचीही. पण तासातली आठ-आठ मिनिटं त्यात जायची, आणि जी चार मुलं गडबड करत होती त्यांना त्या शांततेत सगळ्यांच्या नजरा मिळायच्या. जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये वर्ग सांभाळण्याबद्दल जे मांडलं, ते मी नंतर वाचलं. चांगला वर्ग चालवणारे आणि अडखळणारे शिक्षक, या दोघांच्या रागवण्याच्या पद्धतीत त्यांना फारसा फरक सापडला नव्हता. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: सगळीकडे नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, तासाची गती न मोडणं. तुमची ढकलणारी जोडी घ्या. ती रांगेत शेजारी उभी असते ना? हात रिकामे असतात ना? रागवण्यापूर्वी रांग मोडून बघा.

अभ्यासात लक्ष नाही म्हणून खेळाचा तास कापणं ही तर उलटी वैद्यकी झाली. चार्ल्स हिलमन यांच्या गटाने २००९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावलं. त्यानंतर लक्ष विचलित करणाऱ्या चिन्हांमधून नेमकं चिन्ह ओळखण्याच्या चाचणीत त्यांची उत्तरं बसून राहिल्यानंतरच्या उत्तरांपेक्षा अचूक आली. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल सांगते. वर्गशिक्षक ‘याला आज खेळायला सोडू नका’ म्हणाले तर हे दोन मुद्दे हाताशी असू द्या.

आता आकाशाकडे बघणारा मुलगा. बहुधा तो ढग बघतोय आणि त्यात वावगं काही नाही. तरीही काही गोष्टी तपासा. तुम्ही प्रात्यक्षिक दाखवता तेव्हाही तो हरवतो की फक्त बोलता तेव्हा? फक्त बोलण्यात हरवत असेल तर ऐकणं तपासून घ्यायला सांगा. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं सर्रास असतं, आणि ते येतं-जातं, त्यामुळे घरीही लक्षात येत नाही. लांबून फेकलेला चेंडू त्याला उशिरा दिसत असेल तर डोळे. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांपैकी असेल तर जन्ममहिना बघा. एकाच वर्गातल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं आणि सहाव्या वर्षी अकरा महिने फार मोठे असतात. अतिचंचलता आणि लक्षाच्या दोषाचं निदानही वर्गातल्या वयाने लहान मुलांत जास्त होतं, असं अनेक देशांत दिसलं आहे. तो दोष जगभरात साधारण पाच टक्के मुलांत आढळतो, तेव्हा तुमच्या वर्गात एखादं मूल असूही शकतं. पण ते ठरवणं तुमचं-माझं काम नाही. हालचालींचा मेळ न बसणारी मुलंही जवळपास तेवढीच असतात. चारदा पडल्यावर, हसू झाल्यावर ती लक्ष नसल्याचं सोंग घेतात, कारण ‘येत नाही’पेक्षा ‘लक्ष नव्हतं’ हे कमी लाजिरवाणं असतं.

एका गोष्टीवर मात्र बारीक नजर ठेवा. धावता-बोलता मधेच काही सेकंद तो थबकतो का? नजर शून्यात जाते, पापण्या फडफडतात, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी प्रतिसाद नाही, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुढे सुरू? हे दिवसातून अनेकदा होतं का? ढगात रमलेलं मूल खांद्याला हात लावला की परत येतं. जे येत नाही त्याला अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, जो बहुधा चार ते दहा या वयात सुरू होतो आणि बरेचदा ‘वेंधळेपणा’ म्हणून दुर्लक्षिला जातो. जोरजोराने श्वास घेतल्यावर हे झटके येऊ शकतात, त्यामुळे वर्गशिक्षकांच्या आधी ते तुमच्या नजरेस पडण्याची शक्यता जास्त. केव्हा, किती सेकंद, काय करताना, एवढं तीन-चार दिवस लिहून ठेवा, त्याच्या पालकांशी एकट्यात बोला आणि लवकर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. तपासणी होईपर्यंत त्याला उंच चढण्याच्या साहित्यावर सोडू नका. पोहण्याचा तास असेल तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.